ऐकावं ही विनंती

अर्जातलं पहिलं वाक्य लिहायला काही लागत नाही, ते ठरलेलंच असतं. मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार अमुक राहणार तमुक, विनंती अर्ज करतो की. बावीस वर्षं झाली मी अलिबागला कचेरीजवळ टायपिंगचं दुकान चालवते, आधी टाइपरायटर होता मग कॉम्प्युटर आला, पण हे वाक्य तेच राहिलं. खरं काम सुरू होतं त्या 'की' च्या पुढे. समोरचा माणूस बोलायला लागतो आणि तो कधीच सरळ बोलत नाही, तक्रार बांधाची असली तरी आधी आजोबा येतात, मग वाटणी, मग चुलत्याच्या मुलीचं लग्न, मग परत बांध, आणि जे मनाला लागलेलं असतं ते तो तीनदा चारदा सांगतो. आपण ते एकदा लिहायचं. मला असंच शिकवलेलं, मुद्द्याचं ठेवायचं बाकी काढायचं, साहेबाला वेळ नसतो.

त्यामुळे सव्वीसशे वर्षांपूर्वीचा एक अर्ज जेव्हा माझ्या वाचण्यात आला तेव्हा मला सगळ्यात आधी हेच दिसलं की लिहिणाऱ्याने काहीच काढलेलं नाहीये.

तो अर्ज कागदावर नाही, खापरावर आहे. आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावर यावनेजवळ समुद्राला लागून एक लहान किल्ला होता, तिथल्या उत्खननात १९६० मध्ये फुटक्या मडक्याचे तुकडे सापडले, ते जुळवल्यावर त्यावर शाईने लिहिलेल्या चौदा-पंधरा ओळी दिसल्या. लिपी जुनी हिब्रू, काळ इसवीसनापूर्वीचं सातवं शतक संपत आलेलं. मला जमेल तसं मराठीत देते:

"माझ्या साहेबांनी आपल्या सेवकाचं म्हणणं ऐकावं. तुमचा सेवक कापणी करणारा आहे. सेवक हासर-असामला होता, सेवकाने कापणी केली, पुरी केली, धान्य कोठारात भरलं, काही दिवसांपूर्वी, थांबायच्या आधी. तुमच्या सेवकाने कापणी पुरी करून धान्य भरलं तेव्हा शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि त्याने तुमच्या सेवकाचं वस्त्र नेलं. मी माझी कापणी पुरी केली तेव्हा, काही दिवसांपूर्वी, त्याने तुमच्या सेवकाचं वस्त्र नेलं. माझे सगळे भाऊ माझ्या बाजूने सांगतील, उन्हाच्या तापात माझ्याबरोबर कापणारे, माझे भाऊ सांगतील की हे खरं आहे. माझ्यावर दोष नाही. माझं वस्त्र परत द्या."

पुढे खापर झिजलंय, फुटलंय, दया करावी अशा अर्थाचे काही शब्द लागतात आणि मग संपतं.

'थांबायच्या आधी' असं मी लिहिलं तिथे मूळ शब्द 'शब्बत' असा वाचता येतो, म्हणजे काम थांबायच्या आधी किंवा शब्बाथच्या, ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आधी, अभ्यासक दोन्ही अर्थ लावतात. पण मी अडकले ते दुसरीकडेच. हा माणूस सुरुवात करतो 'तुमचा सेवक' म्हणून, अगदी रीतीने, आणि मध्येच जिथे वस्त्राची गोष्ट दुसऱ्यांदा येते तिथे तो 'मी' होतो, मी माझी कापणी पुरी केली. हे मी रोज बघते! अर्जदार अर्जदार करत बोलणारा माणूस, खरी दुखरी जागा आली की "मी ताई, मी स्वतः" असं म्हणतो, आणि मी टाइप करताना ते परत 'अर्जदार' करून टाकते. आणि वस्त्र का नेलं हे त्याने सांगितलेलंच नाही. कर्ज होतं का, ठरलेलं माप भरलं नव्हतं का, काही नाही. पण "माझ्यावर दोष नाही" म्हणतो म्हणजे समोरच्याने काहीतरी दोष लावलेलाच असणार. अर्ज लिहिणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल.

बहुतेक अभ्यासकांचं मत असं की हे त्याने सांगितलं आणि कुणा कारकुनाने ऐकत ऐकत लिहिलं. तो कारकून माझ्या धंद्यातला. त्याच्याकडे खापर एवढंसं, जागा कमी, शाई मोजकी, तरी त्याने 'वस्त्र नेलं' दोनदा लिहिलं, 'माझे भाऊ सांगतील' दोनदा लिहिलं.

हे सगळं माझ्यापर्यंत आलं एका गिऱ्हाइकामुळे. आमच्या अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या ज्यूंची घरं आता मोजकी राहिलीत पण येणारे जाणारे असतात. असेच एक वयस्कर काका वडिलोपार्जित घराच्या वारस नोंदीसाठी इस्रायलहून आले होते, आईवडिलांबरोबर लहानपणीच गेलेले, पण मराठी अशी की मला माझी आजी आठवली, 'पावेतो', 'न्याहारी', 'आगबोट' असे शब्द. पॉवर गेली होती म्हणून बसून राहिले आणि वेळ जायला म्हणून त्यांनी एका रद्दी कागदाच्या पाठीवर मला हिब्रू अक्षरं काढून दाखवली, उजवीकडून डावीकडे. म्हणाले, "ताई, तुमचं काम लई जुनं आहे बरं का." आणि दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर त्या खापराचा फोटो पाठवला. ती बावीस अक्षरं मी प्रिंट काढून मॉनिटरच्या बाजूला चिकटवली, अजून आहेत तिथेच.

पहिलं अक्षर आलेफ. आलेफ म्हणजे बैल. अगदी जुन्या रूपात ते बैलाचं डोकंच आहे, दोन शिंगांचं. दुसरं बेत म्हणजे घर. मेम म्हणजे पाणी, ते लाटेसारखं. आयिन म्हणजे डोळा, रेश म्हणजे डोकं. बैल, घर, पाणी, डोळा. ही अक्षरं एकट्या हिब्रूंची नाहीत, सगळ्या कनानी लोकांची, म्हणजे त्या भागात राहणाऱ्या सगळ्यांची, फिनिशियन व्यापाऱ्यांनी तीच ग्रीकांना दिली आणि आलेफचा अल्फा झाला आणि पुढे इंग्रजी ए. पोराला पहिली अक्षरं गिरवताना बघितलं की मला आता त्यात तो बैल दिसतो, उलटा पडलेला.

हे हिब्रू लोक मुळात कोण, तर डोंगरातले शेतकरी. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाचा एक मोठा शिलालेख आहे, इसवीसनापूर्वी १२०८ च्या आसपासचा, १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना सापडला, आता कैरोला आहे. त्यात राजाने हरवलेल्यांची यादी दिलीय आणि त्या यादीत 'इस्रायल' हे नाव येतं, बायबलच्या बाहेर एवढं जुनं आणि सर्वमान्य असं नाव दुसरं नाही. इजिप्शियन लिपीत नावापुढे एक खूण काढतात, हे शहर आहे की देश की काय ते कळायला. बाकीच्या नावांपुढे देशाची खूण आहे, आणि इस्रायलपुढे एक बसलेला पुरुष, एक बसलेली बाई आणि खाली तीन रेघा. म्हणजे माणसं. अजून ज्यांचं राज्य नाही, राजधानी नाही, असे लोक. आणि राजा काय लिहितो, इस्रायल उजाड झाला, त्याचं बी उरलं नाही. हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसले होते.

त्या काळातली लहान लहान गावं त्या मधल्या डोंगरपट्ट्यात सापडलीत, दोन-अडीचशे तरी. उतारावर दगडी बांध घालून केलेली शेतं, पावसाचं पाणी साठवायला खडकात खोदलेली टाकी, मोठे रांजण, आणि हाडांमध्ये डुकराचं हाड जवळजवळ नाही. भाषा शेजाऱ्यांसारखीच. शेजारच्या मोआबचा राजा मेशा याचा इसवीसनापूर्वी नवव्या शतकातला शिलालेख हिब्रू येणाऱ्याला फारसा न अडखळता वाचता येतो, फरक कुठे तर हिब्रूत अनेकवचनाला 'ईम' लागतं आणि मेशाकडे 'ईन'. आमच्याकडे आगरी आणि पुस्तकी मराठीत याच्यापेक्षा जास्त अंतर आहे असं मला वाटतं, आणि मी दिवसभर एकीतलं ऐकून दुसरीत टाइप करते म्हणून बोलतेय.

आणि या लहानशा फरकांवरून माणसं मेलीही आहेत. बायबलच्या शास्ते या पुस्तकात गोष्ट आहे, यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक पहारा देत होते, पळून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे 'शिब्बोलेथ' म्हण. एफ्राईमच्या माणसाला तो श यायचा नाही, तो 'सिब्बोलेथ' म्हणायचा आणि तिथेच त्याला मारायचे. शिब्बोलेथ म्हणजे धान्याचं कणीस. कापणी करणाऱ्यांच्या तोंडातला रोजचा शब्द. माझ्या दुकानात कुणी 'पानी' म्हटलं, 'जमीन' ची 'जिमीन' केली आणि मागे उभा असलेला हसला की मला ती नदी आठवते.

तिकडच्याच गेझेर या जुन्या गावी १९०८ मध्ये चुनखडीची एक पाटी मिळाली, तळहाताएवढी, इसवीसनापूर्वी दहाव्या शतकातली. त्यावर वर्ष लिहिलंय पण महिन्यांना नावं नाहीत, कामं आहेत. दोन महिने गोळा करायचे, दोन महिने पेरणीचे, दोन महिने उशिराच्या पेरणीचे, एक महिना जवसाच्या काढणीचा, एक महिना सातूच्या कापणीचा, एक महिना कापणी आणि मोजणीचा, दोन महिने द्राक्षवेली छाटायचे, एक महिना उन्हाळी फळांचा. बेरीज करा, बारा होतात. ही भाषा हिब्रूच म्हणायची की फिनिशियन यावर वाद आहे, मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही, ज्याच्या हाताला माती लागलीय त्याचंच हे कॅलेंडर आहे. आपल्याकडेही म्हातारी माणसं जून म्हणत नाहीत, मृग लागला म्हणतात. पावसालाही त्यांच्याकडे वेगवेगळे शब्द, पेरणीआधी जमीन भिजवणारा पहिला पाऊस तो 'योरे', आणि पीक भरताना शेवटचा येतो तो 'मालकोश'.

शब्द कसे होतात तेही काकांनीच सांगितलं होतं. तीन व्यंजनं घ्यायची आणि मधले स्वर बदलत जायचे. लिहिताना स्वर लिहायचेच नाहीत, वाचणाऱ्याने जाणायचे, ठिपके आणि रेघा देऊन स्वर दाखवायची पद्धत टिबेरियासच्या पंडितांनी बसवली ती हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, म्हणजे खूप नंतर, आणि तीही मूळ अक्षराला हात न लावता, वर खाली. मी जुन्या फेरफाराच्या मोडीच्या नकला बघितल्यात, तिथेही ऱ्हस्व दीर्घ आपणच ओळखायचं असतं, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही. तर मी पहिला धातू शिकले तो त्या अर्जातल्या पहिल्या शब्दाचा. 'यिश्मा'. ऐकावं. श, म, आणि घशातून येणारा तो आयिन. शमा, ऐकलं. शोमेआ, ऐकणारा. शेमा, ऐक. आणि ऐकणं म्हणजे कानाने ऐकणं एवढंच नाही, समजणं आणि मानणं हेही त्यातच, जसं आपण म्हणतो पोरगं अजिबात ऐकत नाही.

आणि मग मी जिथे जिथे बघितलं तिथे मला हाच धातू भेटत गेला.

इसवीसनापूर्वी ७०१. अश्शूरचा म्हणजे असिरियाचा राजा सन्हेरीब यहूदा या हिब्रूंच्या राज्याची गावं घेत घेत त्यांच्या राजधानीपर्यंत, यरुशलेमपर्यंत, फौज पाठवतो. त्याचा अधिकारी रब्शाके तटाखाली उभा राहून बोलतो, आणि तो यहूदींच्याच भाषेत बोलतो. आतले अधिकारी घाबरतात, म्हणतात, कृपा करून अरामीत बोला, आम्हाला अरामी ऐकू येते, म्हणजे समजते, तटावरच्या लोकांच्या कानावर पडेल असं आमच्या भाषेत बोलू नका. अरामी तेव्हा दरबाराची, कचेरीची भाषा. आणि रब्शाके काय करतो, आणखी मोठ्याने, त्याच यहूदीत, तटावर बसलेल्या साध्या शिपायांना ओरडून सांगतो, "शिमऊ!" ऐका, थोर राजाचं म्हणणं ऐका. साहेबांनी ठरवलं होतं की लोकांना कळू नये, आणि शत्रू लोकांच्या भाषेत बोलला. मी हा प्रसंग दहा वेळा तरी वाचला असेल. कचेरीत माझ्यासमोर माणसाच्याच जमिनीबद्दल त्याला न कळणाऱ्या शब्दांत बोललेलं मी ऐकलंय, तो माणूस नुसता एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो.

त्याच वेढ्याच्या भीतीने यहूदाच्या हिज्कीया राजाने डोंगराच्या पोटातून बोगदा खणून पाणी शहरात आणलं असं मानतात. ५३३ मीटर, दोन्ही टोकांकडून हाताने, वेडावाकडा. १८८० मध्ये पाण्यात उतरलेल्या मुलांना आतल्या भिंतीवर कोरलेल्या सहा ओळी सापडल्या, त्या आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहेत. त्यात राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. आहे काय, तर शेवटचे तीन हात खडक उरला होता तेव्हा एका माणसाचा आपल्या सोबत्याला हाक मारतानाचा आवाज ऐकू आला, मग खणणारे एकमेकांच्या दिशेने घाव घालत गेले, कुदळीवर कुदळ, आणि पाणी वाहिलं. एवढंच. इतकं मोठं काम झाल्यावर कोरून ठेवावंसं काय वाटलं तर पलीकडून आलेली हाक.

आणि लाखीश, यहूदाचंच एक तटबंदीचं शहर. तिथल्या वेशीतल्या पहाऱ्याच्या खोलीत, जळालेल्या थरात, १९३५ मध्ये जेम्स स्टार्की यांना खापरांवरची पत्रं मिळाली. काळ बाबेलची म्हणजे बॅबिलोनची फौज आली तेव्हाचा, यरुशलेम पडायच्या थोडं आधीचा. त्यातली काही सुरू होतात ती आपल्या 'विनंती विशेष' सारखी, परमेश्वर माझ्या साहेबांना क्षेमाची वार्ता ऐकवो, आणि ते 'ऐकवो' म्हणजे परत तेच, श-म-आयिन. बाहेरच्या चौकीवरचा एक माणूस, त्याचंही नाव होशायाहू, पण हा वेगळा, नाव तेव्हा सर्रास होतं, तो साहेबावर दुखावलाय. साहेबाने बहुतेक लिहिलं होतं की तुला पत्र वाचता येत नाही. तो म्हणतो, तुमचं पत्र आल्यापासून सेवकाचं काळीज आजारी आहे, परमेश्वराची शपथ, मला कधी कुणी पत्र वाचून दाखवायला आलेलं नाही, मी स्वतः वाचतो आणि वाचलेलं सगळं सांगू शकतो! राज्य बुडायला आलंय आणि या माणसाला लागलंय काय तर आपल्याला अडाणी म्हटलं ते. अंगठा उठवताना दुसरीकडे बघणारी माणसं मी रोज बघते, मला त्याचा राग अगदी आतून कळतो.

दुसऱ्या एका खापरावर लिहिलंय, साहेबांनी दिलेल्या खुणांप्रमाणे आम्ही लाखीशच्या जाळाच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका आम्हाला दिसत नाही. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात आहे की तटबंदीची शहरं आता दोनच उरलीत, लाखीश आणि अजेका. खापरावरचा माणूस म्हणतो अजेका दिसत नाही. तिथला जाळ विझला होता का, की मध्ये डोंगर होता म्हणून दिसत नव्हता, अर्थ दोन्ही लावतात. मला वाटतं विझला होता.

इसवीसनापूर्वी ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, देऊळ जळलं, शिकलेली कारागीर माणसं बाबेलला नेली. ती किंवा त्यांची मुलं परत आली तेव्हा तोंडात अरामी रुळायला लागली होती, पुढे अक्षरंसुद्धा अरामी वळणाची झाली, आज आपण जी चौकोनी हिब्रू बघतो ती तिथली. बैलाचं डोकं गेलं. आपल्या ओळखीचे कितीतरी राजे, कितीतरी भाषा तिथेच संपल्या, मोआबी संपली, एदोमी संपली. ही राहिली कारण ती लिहिलेली होती आणि रोज मोठ्याने वाचली जात होती, आणि अडीच हजार वर्षांनी, १८८१ मध्ये एलिएझर बेन-येहूदा यरुशलेमला येऊन राहिले आणि घरात मुलाशी फक्त हिब्रू बोलायचं असा हट्ट धरून बसले, तेव्हा वापरायला शब्द शिल्लक होते.

आमच्या कोकणातल्या बेने इस्रायलांना मात्र तीही सोय नव्हती. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली अशी त्यांची परंपरा सांगते. पुस्तकं नाहीत, भाषा गेली, तेल गाळायचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले, आडनावं पेणकर रोहेकर किहीमकर झाली. पुढे १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. पण त्याच्या आधीच्या सगळ्या शतकांत त्यांच्याकडे हिब्रू उरली होती किती, तर एका प्रार्थनेपुरती, जन्माला मरणाला लग्नाला तीच म्हणायची, जिचा पहिला शब्द 'शेमा'. ऐक. काकांना मी हे म्हटलं, की काका त्या खापराचा पहिला शब्द आणि तुमच्या आजीच्या तोंडी राहिलेला शब्द एकच आहे की हो. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले.

आणि त्या कापणीवाल्याच्या वस्त्राचं सांगायचं राहिलंच. वस्त्र म्हणजे शर्ट नव्हे, वरून घ्यायचं जाड पांघरूण, दिवसा अंगावर आणि रात्री पांघरायला, आपल्याकडच्या घोंगडीसारखं. बायबलच्या निर्गम या पुस्तकात कायदा आहे, शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, तेवढंच त्याला अंग झाकायला आहे, त्याने काय पांघरून निजावं? आणि पुढचं वाक्य देवाच्या तोंडी आहे, तो माझ्याकडे ओरडेल तेव्हा मी ऐकेन. 'वेशामाती'. खापरावर मात्र लिहिलंय 'काही दिवसांपूर्वी'. म्हणजे सूर्य किती वेळा मावळून गेला होता.

गेल्या महिन्यात एक आजी आल्या होत्या, शेतातून वाट बंद केल्याची तक्रार. आधीही एकदा आल्या होत्या, तेव्हा मी नेहमीसारखा पाच ओळींचा अर्ज करून दिला होता, त्याचं काही झालं नाही. या वेळेला त्या बोलत होत्या आणि मी बोलू दिलं. त्या वाटेने मी लग्न होऊन आले असं त्या म्हणाल्या, मग गट नंबर सांगितला, मग परत, त्या वाटेने मी लग्न होऊन आले, मग मालकांना न्यायचं होतं तेव्हा धुऱ्यावरून न्यावं लागलं, मग परत तेच. मी तिन्ही वेळा टाइप केलं, आणि 'अर्जदार' न करता 'मी' च ठेवलं. दीड पान झालं. वाचून दाखवते म्हटलं तर त्या स्टुलावर पुढे सरकून बसल्या, पदर कानामागे घेतला, आणि प्रत्येक वेळी ती ओळ आली की "हां, हां" म्हणत मान हलवत होत्या. मग अंगठा घेतला, आणि लंच टायम व्हायच्या आत आत जाऊन शिक्का घ्या म्हणून मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.